फेमिनाइज्ड बियांतून पुन्हा पुन्हा हर्मी झाडं निघतात? दोष खोलीचा की ब्रीडरचा, हे ठरवायचं कसं

तक्रार सगळीकडे सारखीच असते. कॅनाबिसचं बी फेमिनाइज्ड, म्हणजे फक्त मादी झाडं देणारं म्हणून घेतलं, झाडं जोमदार वाढली, फुलोरा आला आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मादी कळीच्या आतून पिवळी टोकं डोकावू लागली. चिमट्याने काढली, तर चार दिवसांत पुन्हा हजर. कापणीला कळ्या फोडून पाहाव्यात तर आत बी भरलेलं. ब्रीडरला, म्हणजे ते वाण तयार करून बी विकणाऱ्याला, कळवलं की उत्तर येतं, "झाडांना ताण बसला असेल." मग पुढच्या वेळी माणूस सगळं जिवापाड जपतो, त्याच ब्रीडरचं नवं पाकीट घेतो आणि पुन्हा तेच होतं.

ताणाने झाड हर्मी होऊ शकतं, म्हणजे मादी झाड नर फुलंही काढू शकतं, यात वाद नाही. पण ताण हे निमित्त आहे. मुळात वंशात तशी प्रवृत्ती नसेल, तर दिवसभर पाणी द्यायचं राहिलं किंवा एका रात्री टायमर चुकला म्हणून सगळी खोली नर फुलं काढत नाही. जे वाण रोजच्या साध्या चुकाही सोसू शकत नाही ते विकायला काढणं हा ब्रीडरचा दोष आहे, आणि तो उत्पादकाच्या गळ्यात मारला जातो याची मला मनापासून चीड आहे. तरीही पुराव्याशिवाय आरोप करून काहीच हाती लागत नाही. म्हणून दोष कुठे आहे हे आधी पक्कं कसं करायचं, यावर हे सगळं लिहिलं आहे. हे जिथे परवाना घेऊन कॅनाबिस किंवा हेंपची (धागा-धान्यासाठीच्या कॅनाबिसची) लागवड कायदेशीर आहे, तिथल्या उत्पादकांसाठी आहे.

आधी नेमकं काय उगवलंय ते पाहा

"हर्मी" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात आणि तिन्हींचं निदान वेगळं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण नर झाड. पेरांपाशी लोंबणाऱ्या गोल कळ्यांचे झुपके येतात, मादी फुलाचा पांढरा केस एकही दिसत नाही. उमललेल्या नर फुलाला पाच पाकळीसारखी दलं आणि पाच पुंकेसर असतात. फेमिनाइज्ड पाकिटातून असं झाड निघालं तर तो हर्मीचा प्रश्नच नाही. बी तयार करताना कुठून तरी खऱ्या नराचा पराग आत शिरला किंवा पाकिटात दुसरं बी मिसळलं गेलं. ही तक्रार सरळ आहे आणि डीएनए चाचणीने सिद्धही होते.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच झाडावर वेगवेगळ्या जागी दोन्ही प्रकारची फुलं. शेंड्यावर व्यवस्थित मादी कळी आणि खालच्या एखाद्या पेराला गोल नर कळ्यांचा गुच्छ. हे फुलोऱ्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दिसत असेल, तर वंशाकडे बोट दाखवायला बरंच बळ मिळतं.

तिसरी गोष्ट सर्वात जास्त फसवते. मादी कळीच्या पोटातूनच उघडे पुंकेसर बाहेर येतात. लिंबासारखा पिवळा रंग, किंचित वाकलेला आकार, भोवती दलांचं आवरण नाही. उत्पादक त्यांना "बनाना" म्हणतात. बंद नर कळी फुटायला काही दिवस लागतात, त्यामुळे ती वेळेत खुडता येते. या उघड्या पुंकेसराला मात्र तशी उसंत नसते, बाहेर आल्याबरोबर तो पराग सोडू शकतो. म्हणून भिंगाने कळीच्या खालच्या, आतल्या बाजूला पाहायला हवं. वरून पाहिलं तर हे हमखास सुटतं.

फुगलेलं सहपत्र, म्हणजे मादी फुलाला वेढणारं छोटं पान, पाहून घाबरणारेही पुष्कळ आहेत. त्यातून दोन केस बाहेर आलेले असतील, तर ती मादीच आहे, फक्त पक्व होते आहे. उगाच झाड उपटू नका.

कुठे आलं आणि कधी आलं

हर्मी झाड दिसलं की लोक लगेच ते बाहेर काढतात. काढायलाच हवं, पण त्याआधी दोन मिनिटं थांबून ते खोलीत नेमकं कुठे उभं होतं याची नोंद करा. निम्मं निदान तिथेच होतं.

दाराजवळची, पंख्याच्या छिद्राजवळची किंवा एखाद्या यंत्राच्या लुकलुकणाऱ्या दिव्यासमोरची झाडंच बिघडली आणि बाकी स्वच्छ राहिली, तर संशय खोलीवर. झाडाची ज्या बाजूला उजेड पडतो तीच बाजू बिघडली असेल तर संशय आणखी पक्का. दिव्याच्या अगदी खाली असलेल्या शेंड्यांनाच बनाना आले असतील, तर उष्णता. कापणीची वेळ उलटून गेल्यावर शेवटच्या दिवसांत दोन-चार पुंकेसर आले, तर ते फारसं मनावर घेऊ नका. परागीभवन न झालेली मादी अखेरीस स्वतःच बी धरायची सोय करते आणि हे पुष्कळ चांगल्या वाणांतही होतं. पण खोलीच्या चारही कोपऱ्यांत विखुरलेली झाडं, सुरुवातीच्या आठवड्यांत, सगळ्या फांद्यांवर बिघडत असतील, तर बियाण्याकडे वळा.

इथे बी आणि क्लोन यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण निर्णायक चाचणी त्यावरच उभी आहे. पाकिटातली दहा बीजं म्हणजे दहा वेगळी भावंडं. त्यातलं एक हर्मी झालं म्हणून बाकीची नऊ तशीच असतील असं नाही आणि नऊ स्वच्छ राहिली म्हणून दोष खोलीचा, असंही नाही. क्लोन, म्हणजे फांदी कापून रुजवलेलं रोप, मात्र आईची (मदरची) हुबेहूब प्रत असतो. एकाच मदरचे क्लोन खोलीभर लावले आणि त्यातले दाराजवळचेच तेवढे बिघडले, तर वंश सगळ्यांचा एक आहे, फरक जागेचा आहे. सगळेच बिघडले तर खोलीची तपासणी करून मग मदरकडे बघायचं.

म्हणून बियांपासून लागवड करताना प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि फुलोऱ्यात घालण्याआधी प्रत्येकाचा एक क्लोन काढून त्याच क्रमांकाने बाजूला ठेवा. जागा लागते, कटकट होते, तरी हे करा. पुढे सात नंबरचं झाड हर्मी झालं, तर खोली दुरुस्त करून सात नंबरचा क्लोन पुन्हा फुलोऱ्यात घालता येतो. काळोख पक्का, तापमान स्थिर, आणि तरीही त्याच आठवड्यात तसेच पुंकेसर आले, तर "ताण बसला असेल" या उत्तराला काही अर्थ उरत नाही. क्लोन स्वच्छ राहिला, तर दोष खोलीचा होता आणि तुमचे बियाण्याचे पैसे वाचले.

खोली पाच मिनिटांत निर्दोष ठरत नाही

ज्या वाणांचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो, त्यांना बंद खोलीत साधारण बारा तास उजेड आणि बारा तास अखंड अंधार देतात. यातला "अखंड" हा शब्द महत्त्वाचा. दिवे बंद झाल्यावर आत जाऊन दार लावा आणि नुसते उभे राहा. पहिल्या मिनिटाला काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं तरी लागतात, आणि मग दाराच्या फटीतली रेघ, तंबू असेल तर त्याच्या चेनच्या टाक्यांतले ठिपके, पॉवर स्ट्रिपचा लाल दिवा असं एकेक दिसू लागतं. झाडाच्या उंचीला खाली बसूनही पाहा, कारण उभ्याने जे झाकलेलं वाटतं ते खालून उघडं असतं. टायमर खरंच दररोज त्याच वेळी बंद होतो का, वीज जाऊन आली की त्याचं घड्याळ मागे पडतं का, हेही तपासा.

बाकी कारणं थोडक्यात: शेंड्यापाशी फार उष्णता, मुळांना जागा अपुरी, पाणी टोकाला नेऊन मग भरमसाट देणं, खतांचा अतिरेक, फुलोऱ्यात उशिरा केलेली जबर छाटणी. यातलं एखादं अधूनमधून सगळ्यांच्याच हातून होतं. चांगलं वाण त्याची किंमत उत्पादन घटवून वसूल करतं, नर फुलं काढून नाही.

बियाण्यात ही खोट येते कुठून

कॅनाबिसमध्ये गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. त्यातली एक लिंग ठरवणारी: मादी एक्सएक्स, नर एक्सवाय. पण मादी झाडाजवळ नर फूल घडवायची क्षमता मुळातच असते. ती दाबून ठेवण्यात इथिलीन या संप्रेरकाचा मोठा हात आहे. दिल्ली विद्यापीठात मोहन राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पायाभूत काम केलं. १९७२ साली जिबरेलिनने मादी झाडावर नर फुलं आणता येतात हे त्यांनी दाखवलं आणि १९८२ साली सिल्व्हर नायट्रेट व सिल्व्हर थायोसल्फेट वापरून तेच केलं. चांदीचे आयन इथिलीनचा संदेश अडवतात, मादी झाड नर फुलं काढतं, आणि त्या परागात वाय गुणसूत्र नसतंच. त्यातून येणारं बी सगळं एक्सएक्स. आजचा फेमिनाइज्ड बियाण्यांचा सारा धंदा याच तत्त्वावर चालतो.

चांदीची फवारणी स्वतः वंश बिघडवत नाही. "फेमिनाइज्ड म्हणजे हर्मी होणारच" हा समज चुकीचा आहे. प्रश्न मदर कोणती निवडली हा आहे. नेकीने काम करणारा ब्रीडर आधी मदरला मुद्दाम छळतो, काळोखात उजेड पाडतो, तापमान वरखाली करतो, कापणी लांबवून पाहतो, आणि एवढं होऊनही जी एकही नर फूल काढत नाही तिलाच फवारणीसाठी घेतो. आडवाटेने जाणारा ब्रीडर फवारणीला सर्वात पटकन आणि भरभरून प्रतिसाद देणारी मदर निवडतो, कारण पराग जास्त मिळतो. झटपट नर फुलांकडे उलटण्याचा गुणच तो निवडत असतो. त्याहून वाईट म्हणजे मदरने आपणहून काढलेल्या पुंकेसरांचा पराग गोळा करून तेच बी फेमिनाइज्ड म्हणून विकणं. ते बी मादी असतं, हे खरंच. पण जी प्रवृत्ती काढून टाकायची तिचीच पैदास होते.

ही प्रवृत्ती वंशाने चालते याचा सर्वात मोठा पुरावा हेंपच्या शेतात आहे. युरोपात धागा आणि धान्य दोन्हींसाठी, एकाच झाडावर नर आणि मादी फुलं येतील अशी हेंपची वाणं मुद्दाम तयार केलेली आहेत. तिथे पिढ्यान् पिढ्या नको ती झाडं उपटत राहावी लागतात. निवड सोडून दिली की ते वाण हळूहळू पुन्हा नर-मादी वेगळं होऊ लागतं. म्हणजे हा गुण निवडीने पक्का करता येतो आणि निवडीनेच कमीही करता येतो. मग फुलांसाठी वाण विकणाऱ्याने "निसर्गच तसा आहे" असं म्हणणं मला पटत नाही.

आणखी एक मूळ जुनं आहे. आजच्या कितीतरी प्रसिद्ध वाणांच्या पूर्वजांत फुलांच्या पिशवीत सापडलेलं बी आहे. केमडॉगची गोष्ट उत्पादकांत सर्वांना ठाऊक आहे: १९९१ साली अमेरिकेत एका संगीत कार्यक्रमाच्या आवारात घेतलेल्या फुलांत काही बीजं निघाली आणि त्यातून तो वंश सुरू झाला असं सांगतात. जिथे नर जवळपास नव्हता अशा बिनबियांच्या फुलांत चुकून सापडलेलं बी बहुधा हर्मी परागातूनच आलेलं असतं. अशा वंशांचे आपापसांत संकर, त्या संकरांचे पुन्हा संकर, आणि मधल्या कुठल्याच पिढीत छाननी नाही, अशी आजच्या बाजारातल्या बऱ्याच नव्या नावांची जन्मकथा आहे.

"आम्ही चाचणी केली आहे" म्हणजे किती झाडांवर?

समजा, एखाद्या वाणात दहापैकी एक झाड हर्मी होण्याची प्रवृत्ती आहे. ब्रीडरने दहा झाडं लावून पाहिली. त्यात एकही हर्मी न दिसण्याची शक्यता ३५ टक्के आहे. म्हणजे तीनपैकी एका वेळी हे खराब वाण "स्वच्छ" ठरून बाजारात येईल. तीस झाडं लावली तर ही शक्यता साधारण ४ टक्क्यांवर येते. प्रवृत्ती वीसात एक असेल, तर ती पकडायची ९५ टक्के खात्री हवी असल्यास साठेक झाडं लागतात. कॅनडातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या कामात व्यावसायिक लागवडीत ५ ते १० टक्के झाडांवर आपोआप हर्मी फुलोरा येत असल्याची नोंद आहे. दहा झाडांची चाचणी नेमक्या याच पट्ट्यातला दोष पकडायला अपुरी पडते.

हाच हिशेब आपल्यालाही लागू आहे. एका पाकिटातली पाच झाडं स्वच्छ निघाली म्हणून वाण भरवशाचं म्हणता येत नाही.

डीएनए चाचणीबद्दल मोठा गैरसमज आहे. पानाचा तुकडा पाठवून "मादी" असा निकाल आला की लोक निर्धास्त होतात. ती चाचणी वाय गुणसूत्राची खूण शोधते, बस्स. हर्मी झाडही एक्सएक्सच असतं, त्यामुळे ते या चाचणीत बिनदिक्कत पास होतं. पूर्ण नर आधीच वेगळे काढायला ती उपयोगी आहे, स्थिरता तपासायला नाही.

ब्रीडरला काय विचारायचं

पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही. मदरची ताण-चाचणी झाली आहे का आणि कशी? फवारणीआधी झाली की नंतर? ही पहिल्या पिढीची संकरित बीजं आहेत, स्वपरागित आहेत, की मागच्या विक्रीतून उरलेल्या झाडांचा संकर? फुलोऱ्यात किती झाडं पाहिली आणि किती वगळली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी सर्वात लक्ष देऊन ऐकतो. ज्याने खरंच निवड केली आहे तो वगळलेल्या झाडांबद्दल भरभरून बोलतो, कोणतं झाड का काढलं हे सांगतो. "आमच्याकडे कधीच हर्मी आलं नाही" म्हणणाऱ्याने एक तर मोजलेलं नसतं किंवा पाहिलेलंच नसतं.

तक्रार करायची झाली, तर भावना बाजूला ठेवून पाकिटावरचा लॉट क्रमांक, किती बीजं लावली, किती बिघडली, कोणत्या आठवड्यात, खोलीत कुठे, जवळून घेतलेले फोटो, आणि दुसऱ्या फेरीत क्लोनचा निकाल एवढं पाठवा. शेजारीच, त्याच दिव्याखाली दुसऱ्या ब्रीडरचं वाण स्वच्छ राहिलं असेल तर ते ठळकपणे लिहा. ताणाच्या सबबीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. म्हणूनच नवं वाण लावताना त्याच खोलीत एक तरी खात्रीचा जुना क्लोन तुलनेसाठी ठेवावा.

चालू पीक वाचवायचं कसं

पंखे बंद करा. झाडाला हात लावण्याआधी त्यावर साध्या पाण्याचा फवारा मारा, कारण पाण्याने पराग निकामी होतो. मग ओली झालेली नर कळी खुडा किंवा झाड पिशवीत झाकून बाहेर न्या. हे झाल्यावर कपडे बदलल्याशिवाय दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

झाड ठेवायचं की उपटायचं? खालच्या फांदीवर एक-दोन नर कळ्या, त्याही बंद, आणि काढल्यावर पुन्हा आल्या नाहीत, तर रोज तपासायच्या तयारीनिशी ठेवा. कळीच्या आतून बनाना येत असतील आणि कापणीला अजून तीन-चार आठवडे असतील, तर काढून टाका. एका झाडाचा मोह सगळ्या खोलीला महागात पडतो. १९९८ च्या एका अभ्यासात परागीभवन झालेल्या हेंपमधून सुगंधी तेलाचं उत्पादन ५६ टक्क्यांनी कमी निघालं. झाडाची ताकद बियांत जाते. कापणी आठवडाभरावर असेल, तर वेळ साधून थोडं लवकर कापणं बहुतेकदा शहाणपणाचं, कारण बी पक्व व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नुकतंच परागीभवन झालेल्या कळीत तेवढ्या वेळात ते भरत नाही.

त्या पिकातून निघालेलं बी ठेवू नका, कुणाला देऊही नका. झाड कितीही देखणं असलं, तरी त्यातून उगवणारी पिढी तीच खोट घेऊन येईल. हर्मी झालेल्या क्रमांकाचा क्लोन चाचणीपुरता ठेवला असेल, तर निकाल लागताच तोही नष्ट करा. पुढच्या लागवडीआधी खोली पाण्याने पुसून घ्या, पंख्याची पाती आणि फिल्टरची जाळी विसरू नका, कारण पराग तिथे साचलेला असतो. नाहीतर पुढच्या पिकात चार बीजं निघाली की दोष नव्या ब्रीडरवर जाईल.